मांडीवरचं लेकरू

उत्तम सुट्टीला गावी आला, तेव्हा जनकाबाई चुलीपुढं भाकरी थापीत होती आणि तिचा नवरा भिवाजी दारात बसून खुरप्याला मूठ बसवीत होता. उत्तम हा भिवाजीच्या चुलतभावाचा पोरगा. औरंगाबादेला विद्यापीठात शिकत होता. शिकलेलं पोरगं गावात आलं की शहरातलं काहीबाही साऱ्या वस्तीला सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही, तसलाच हाही. पण त्या दिवशी त्यानं आणलेली बातमी काही नेहमीच्या थापांतली नव्हती.

"काका, आमच्याकडं दुष्काळ जपून ठेवलाय," तो म्हणाला. "बाटल्यांत भरून."

भिवाजी हसला. "आमी त्याला कवाच गाडला. तुमी काहून उकरून काढला बाबा?"

"चेष्टा न्हाई करून राहिलो. लायब्ररीच्या वर एक मोठी खोली हाय. जुनंपुराणं समदं तिथं ठेवतेत. बहात्तरला ती परफेसर मंडळी आपल्या खडीवर आलती का न्हाई? त्यांनी नेलेलं समदं हाय. मिलो हाय, सुकडी हाय, हातोडे हायेत, बायांची गाणी हायेत." मग तो जरा थांबला. "अन् काकूचा फोटो हाय. मांडीवर लेकरू घेऊन बसलेली. खाली लिवलंय, जनकाबाई भिवाजी व मुलगा."

भिवाजीच्या हातातलं खुरपं खाली पडलं. तव्यावरची भाकरी करपली तरी जनकाबाईनं ती उलटली नाही. दोघांनाही धक्का बसला होता, पण एकच बातमी एकाला पाणी पाजते आणि दुसऱ्याचा घास अडकवते, तशातली गत झाली.

त्यांचा मिलिंद त्या दुष्काळातच गेला होता. आधीची दोन पाळण्यातच गेली, हा तिसरा तेवढा चालायला-बोलायला लागला. त्या साली गावात घोटभर पाणी नव्हतं. भिवाजी निजामाबादेकडं कामाला गेला आणि जनकाबाई लेकराला घेऊन कळमनुरीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. उन्हाळ्यात पोराला हगवण लागली, ती थांबलीच नाही. भिवाजीला निरोप पोचला आणि तो धावतपळत आला, तोवर लेकराला माती देऊन झाली होती. बापाला शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही. त्यानंतर पाळणा हलला नाही.

भिवाजी तसा रडणारा माणूस नव्हे. पण मागल्या वर्षी एकदा शेतातून येता येता तो मधेच उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, मला त्याचं तोंड याद येऊन न्हाई राहिलं." आणि बांधावरच बसला. कितीही डोळे मिटले तरी मिलिंदचं तोंड त्याला दिसेना. लेकरू एकदा मेलं होतं, आता ते बापाच्या डोळ्यांतूनही निघून चाललं होतं. अशा माणसाला सांगितलं की तुझ्या पोराचा फोटो औरंगाबादेत कपाटात आहे, तर तो घरात कसा बसेल?

आणि जनकाबाईला पक्कं ठाऊक होतं की त्या फोटोत मिलिंद नाही.

त्याचं असं झालं होतं. खडीवर ती मंडळी आली ती एका जीपगाडीतून, फोटोचं यंत्र आणि आवाज धरायचं यंत्र घेऊन. त्यांनी सांगितलं, जिच्या कडेवर लेकरू असेल तिचा फोटो काढू आणि तिला सुकडीचं, त्या गोड पौष्टिक पिठाचं, एक पुडकं जास्तीचं देऊ. आता सुकडीला नाही म्हणायची कुणाची छाती होती? पण बायांत एक बोलवा होती, की यंत्रात सावली धरलेलं लेकरू पुढं वाढत नाही. भिवाजी घरी असता तर त्यानं असल्या बोलण्याला चार शिव्या घातल्या असत्या. धम्म घेतल्यावर त्यानं आपल्या हातानं घरातले देवीचे टाक कयाधू नदीत सोडले होते, आणि पोराला लिंबू-मिरची तर सोडाच, काजळाचं बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. जनकाबाईनं त्याच्यापुढं मान डोलावली होती. पण दोन लेकरं मातीत घातलेल्या बाईची मान डोलते, काळीज डोलत नाही. मिलिंदला तिनं नवऱ्याच्या चोरून उकिरड्यावर लोळवून घेतलं होतं, जगावा म्हणून.

मग तिनं काय केलं, तर मिलिंदला म्हाताऱ्या पारुबाईजवळ खडीच्या ढिगामागं बसवलं आणि शेजारी काम करणाऱ्या मालनबाईचं लेकरू मागून घेतलं. मालनबाई पुसेगावकडची. तिचा धाकटा मिलिंदच्याच वयाचा, तसाच डोकं भादरलेला, तसाच हाडं निघालेला. "घे बाई," मालनबाई म्हणाली होती, "मह्याजवळ पाच हायेत. पुडकं आर्धं दे म्हंजे झालं." ती हसली होती. जनकाबाईला हसू आलं नव्हतं. आपल्यावरची पीडा आपण दुसरीच्या लेकरावर घालतो आहोत हे तिला तेव्हाही कळत होतं, आणि तरी तिनं ते पोर मांडीवर घेतलं. यंत्रवाल्यानं विचारलं, "तुझंच ना?" ती म्हणाली, "महंच."

सुकडी दोघींनी वाटून घेतली. आणि उन्हाळ्यात गेलं ते कुणाचं? झाकून ठेवलेलं.

हे ती नवऱ्याला कधी बोलली नाही. कशाला बोलेल? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि तिच्या मुठीत तर निखारा होता.

आता भिवाजीनं धोशा लावला. जनकाबाई म्हणाली, "इतक्या दूर कशाला? फोटू बघून लेकरू माघारी येतं का?"

"लेकरू न्हाई, पर त्याचं तोंड तर येईल," भिवाजी म्हणाला. "बाबासाहेबांचा फोटू रोज बघतो आपून, म्हणून तर ते आपल्याजवळ हायेत. मह्या लेकराचं काहून नसावं?"

दोघं निघाली. कळमनुरीहून हिंगोली, हिंगोलीहून औरंगाबादेची एस.टी. दिवसभर गाडीत भिवाजी बोलत होता. एरवी महिन्यात बोलला नसता इतकं त्यानं बोलून घेतलं. पोराचं कपाळ आपल्या बापावर गेलं होतं, असं त्याला वाटत होतं. "तसंच होतं ना?" तो पुन्हा पुन्हा विचारी. ती "व्हय" म्हणे आणि खिडकीबाहेर बघे. गाडी मोडावी, परत फिरावं लागावं, असं तिला वाटत होतं. नेमकी चांगली गाडी मिळाली होती.

उत्तमनं त्यांना त्या खोलीत नेलं. खोली कसली, वखारच. छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर काय नव्हतं ते विचारा. ताडाच्या पानांच्या जुड्या, मोडीतले कागद, निजामाच्या वेळचे कापडावर चिकटवलेले नकाशे, तांब्याचा पत्रा, गाण्याच्या काळ्या तबकड्या, कुण्या पोतराजाचा आसूड, कुण्या राणीच्या लुगड्याचा काठ. एका खोक्यात नुसत्या काचा होत्या, आणि उजेडात धरल्या की त्यांत उलटी माणसं दिसत. तिथला कारभार बघणारे माणिकराव नावाचे एक गृहस्थ होते. चष्मा, स्वच्छ धोतर, मऊ बोलणं. ज्यांच्या वस्तू आहेत ती माणसंच बघायला आली, असं या खोलीत पहिल्यांदाच घडत होतं आणि त्यांना कोण आनंद झाला. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"आमाला फोटो बघायचा हाय," भिवाजी म्हणाला.

"शिपाई काढून आणतोय. तोवर हे बघा, हे सगळं तुमचंच."

दुष्काळाच्या फळीवर काचेच्या बाटल्या होत्या. एकीत आटलेल्या विहिरीतला गाळ. एकीत बाया उकडून खात ती मुळं. बोटांना बांधायच्या चिंध्या होत्या, त्यांवर रक्ताचे तपकिरी डाग अजून होते आणि प्रत्येकीला बारीक चिठ्ठी बांधलेली होती. एका बाटलीत लाल मिलो, रेशनवर आलेली ती परदेशी ज्वारी, भरलेला होता. जनकाबाई त्या बाटलीपुढं उभी राहिली. हाच मिलो तिनं मिलिंदला कण्या करून घातला होता आणि तो त्याच्या पोटात ठरला नव्हता. इथं एका दाण्याला कीड नव्हती. खाणारा गेला आणि दाणा राहिला. ही कसली जतन करायची रीत, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्या भल्या माणसाचा उगाच राग आला. दुष्काळात यांना गाळ न्यायचा सुचला, चिंध्या न्यायच्या सुचल्या. एखादं लेकरू नेलं असतं तर तेही असंच टिकलं असतं.

"बाई, तुमच्या खडीवरची गाणी आहेत आमच्याकडे," माणिकराव म्हणाले. "ऐकणार?"

भिवाजीचं लक्ष दाराकडं होतं. माणिकरावांनी यंत्राला फितीची एक चकती लावली. आधी नुसती खरखर झाली, मग दगडांवर हातोड्यांचे ठोके आले आणि ठोक्यांवर बायांचे आवाज.

खडी फोडिता फोडिता, दगडाला न्हाई पाणी
कुण्या वाटेच्या खाली गं, गेली माझी जिनगानी

जनकाबाईला त्यात आपला आवाज ओळखू आला. पारुबाईचा आला. आणि मग गाण्याच्या मागून, लांबून, एक खोकला आला. कोरडा, दोन ठेक्यांचा. त्याच्या मागोमाग, "माय. ए माय." पुन्हा खोकला.

 मिलिंद होता तो. ढिगामागं बसवलेला, तिला हाका मारणारा. जगात दुसऱ्या कुणी ती हाक ओळखली नसती, पण तिला काय सांगायला हवं होतं? फोटोच्या यंत्रापासून तिनं लेकराला लपवलं, आणि दुसऱ्या यंत्रानं ते ढिगामागूनही धरलं होतं.

"इथं जरा खराब झालंय," माणिकराव म्हणाले. "कुणाचं तरी पोर मधेच रडतंय. नाहीतर गाणं किती छान आहे."

"पुन्यांदा लावा," जनकाबाई म्हणाली.

त्यांनी चकती मागं फिरवली. तोवर शिपायानं फोटो आणला होता. पुन्हा ठोके सुरू झाले, पुन्हा गाणं आलं, आणि खोकला यायच्या आतच भिवाजीच्या तोंडून असा काही आवाज निघाला की माणिकरावांनी यंत्र बंद केलं.

भिवाजी दोन्ही हातांत फोटो धरून उभा होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तळहाताहून थोडा मोठा. त्यात जनकाबाई होती, डोईवर पदर घेतलेली, आणि तिच्या मांडीवर ते भादरल्या डोक्याचं पोर, उन्हानं डोळे बारीक केलेलं. भिवाजीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "हे बघ," तो म्हणाला, "कपाळ बघ त्याचं. बापाचंच कपाळ हाय. मी म्हणत नव्हतो?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा तो क्षण. तिला बोलायचं होतं, की अवो, हे टाका, हे आपलं न्हाई, आपलं त्या चकतीत हाय, कान द्या. पण ते सांगायचं तर उकिरड्यापासून सगळं सांगावं लागणार, आणि तेही परक्या माणसांपुढं. आणि तेवढंच असतं तरी ती बोलली असती. पण त्या उन्हाळ्यापासून भिवाजीचं तोंड असं उजळलेलं तिनं पाहिलं नव्हतं. त्याच्या हातातून ते कसं काढून घ्यायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिनं जन्मभर खाल्ला होता. आताही खाल्ला.

"व्हय," ती म्हणाली. "बापाचंच हाय."

माणिकरावांनी फोटोची नक्कल करून पोस्टानं पाठवायचं कबूल केलं. निघताना जनकाबाई मागं राहिली आणि हळूच म्हणाली, "साहेब, ते गाणं घरी नेता येतंय का?"

"त्याला असलं यंत्र लागतं, बाई. पण इथं ते शंभर वर्षं कुठं जात नाही."

"अन् ते रडणारं लेकरू. ते त्यातून काढून टाकू नका."

माणिकराव मायेनं हसले. "आम्ही काहीच काढून टाकत नाही."

नक्कल आली. भिवाजीनं कळमनुरीच्या बाजारातून चौकट करून आणली आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या खाली लावली. वस्ती बघायला लोटली. जो तो म्हणे, नाक भिवाजीचं, हनुवटी जनकाबाईची. लोकांना सांगितलं की दिसतं, त्यांचा काय दोष? पारुबाई असती तर कदाचित चपापली असती, पण ती मागंच गेली होती. भिवाजी कामावर निघताना चौकटीपुढं उभा राहायचा. संध्याकाळी आला की आधी काच पुसायचा. त्याची झोप सुधारली, तो घरात गुणगुणूही लागला. जनकाबाईनं मनाशी ठरवलं, की राहू दे. एका खोट्यानं एक माणूस सुखी होतो आहे, तर आपण गिळून टाकू.

पण भिंतीवरचं लेकरू काही नुसत्या भिवाजीकडंच बघत नव्हतं. चूल पेटवताना ते समोर, धान्य निवडताना समोर. कधी तिला वाटे, हे कुठंतरी मोठं झालं असेल, पुसेगावाकडं कुणाची जनावरं राखत असेल. त्याला यंत्रापुढं बसवलं आणि ते जगलं. कधी वाटे, तेही गेलं असेल, आपणच मातीत घातलं. आणि एका सकाळी डाळ पाखडता पाखडता तिनं सहज मिलिंदला मनात आणलं, तर भादरलेलं डोकं आलं, बारीक केलेले डोळे आले. तिनं सूप खाली ठेवलं. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच. मालनबाईचं पोर मिलिंदच्या जागी येऊन बसलं होतं.

इतकी वर्षं तिच्याजवळ तेवढंच होतं. भिवाजीकडून हरवलं ते तिच्याकडं शाबूत होतं, आणि या भरवशावरच ती व्हय म्हणत आली होती.  उरलंसुरलं तरी वाचवावं म्हणून तिनं ठरवलं, आता बोलायचं.

दुपारी भिवाजी जेवून उठला, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. उकिरडा, ढीग, मालनबाई, पुडकं.  तो म्हणाला, "तुहं डोकं फिरलं का काय? सायबानं खाली लिवून ठेवलंय. जनकाबाई व मुलगा. तूच बसली हायेस त्यात."

"मी हाय. लेकरू आपलं न्हाई."

"मंग तिथं काहून बोलली न्हाईस?"

तिनं मान खाली घातली. भिवाजीचा हात उठला, पण त्यानं मारलं नाही. तो भिंतीपाशी गेला, चौकट खाली काढली, उंबऱ्याजवळ उजेडात नेऊन कितीतरी वेळ बघत बसला. काच हातानं पुसली, पुन्हा बघितलं. त्याचा राग हळूहळू उतरला आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते जनकाबाईला रागाहून वाईट वाटलं. तो चौकट घेऊन तिच्यापुढं येऊन बसला, दुकानापुढं लेकरू बसावं तसा.

"बरं," तो म्हणाला. "हे न्हाई तर न्हाई. मी फेकून देतो. पर मला सांग, आपला कसा होता? तू तर रोज बघत होतीस. कपाळ कसं होतं? डोळे कसे होते? तू सांग, मी तेच धरून बसतो. मला दुसरं काय बी नको."

त्याला खरंच ऐकायचं होतं. जनकाबाईनं तोंड उघडलं. तिला पोराचं कडेवरचं वजन आठवत होतं. तापातले त्याचे पाय कसे लागायचे ते आठवत होतं. डोक्याचा आंबूस वास आठवत होता. पण त्याचं तोंड सांगायला म्हणून ती आत बघू लागली, तर तिथं उन्हानं डोळे बारीक केलेलं ते एकच लेकरू बसलं होतं आणि हलत नव्हतं. तिनं पुन्हा बघितलं. त्याच्या मागं कुणीच नव्हतं.

"सांग ना," भिवाजी म्हणाला.

तिनं त्याच्या हातातल्या चौकटीकडं बोट केलं.

"असाच होता," ती म्हणाली.

 भिवाजी उठला आणि त्यानं चौकट पुन्हा होती तिथं लावली.